समरला नाव घालण्याआधी

एप्रिल सरला की बेळगाव भागातल्या आमच्या कॉलेजच्या परीक्षा विभागाच्या खिडकीवर सुट्टीतल्या उन्हाळी कोर्सबद्दल रोज एक प्रश्न येतो, "मॅडम, समरला नाव घालू काय?" विचारणारी मुलं खानापूरची असतात, येळ्ळूरची असतात, निपाणीहून एसटीने आलेली असतात. सगळ्यांना मी एकच सांगते. नाव जरूर घाला, पण या कोर्सचं क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी जमवायचे श्रेयांक, कुठं जमा होणार हे आधी विचारा, आणि उत्तर कागदावर घ्या. फीचं चलन त्यानंतर. बाकी सगळं निस्तरता येतं, पण भलत्या ठिकाणी मिळवलेलं क्रेडिट मार्क्स कार्डावर चढवणं कुणाच्याच हातात राहत नाही.

उन्हाळी कोर्स म्हणून जे काही चालतं ते सगळं एका मापाचं नसतं. राहिलेला विषय सुट्टीत पुन्हा शिकवून परीक्षा घेतात तो फास्ट ट्रॅक वेगळा, चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप वेगळी, आणि टॅली, कॉम्प्युटर, बोली कानडी असे सर्टिफिकेट कोर्स आणखी वेगळे. शेवटच्या प्रकारात शिकायला मिळतं, पण पदवीच्या हिशोबात त्याचं क्रेडिट बहुधा धरत नाहीत. म्हणून ते करू नये असं मुळीच नाही. इंजिनिअरिंगला गेलेल्या, कानडी न येणाऱ्या मुलांना व्हीटीयूत, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठात, 'बळके कन्नड' (रोजच्या वापरातली कानडी) हा एक क्रेडिटचा विषय असतो. त्याआधीच्या सुट्टीत महिनाभर बोली कानडी शिकलात तर तो विषय हलका जातो, आणि पुढं सरकारी कचेरीतही अडत नाही.

आपल्या भागात खरी गुंतागुंत आहे ती कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीची. थोरली कर्नाटकातल्या निपाणीच्या कॉलेजात आणि धाकटा महाराष्ट्रातल्या अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात अशी घरं आपल्याकडं थोडी नाहीत. अंतर म्हणाल तर चालत जाण्याचं, पण एकीचं विद्यापीठ राणी चन्नम्मा, दुसऱ्याचं कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. कर्नाटकानं २०२१ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची केली. महाराष्ट्रात नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची चौकट चालू आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या आराखड्यात उन्हाळी सत्र आठ आठवड्यांचं धरलं आहे. पहिल्या वर्षानंतर कुणाला थांबायचं असेल तर वर्षाची ४० क्रेडिट आणि उन्हाळ्यातला ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स यांवर सर्टिफिकेट मिळतं. धाकट्याला लागू असलेला हा नियम थोरलीला लागू असेलच असं नाही. तेव्हा चुलतभावानं काय केलं ते ऐका, पण विचारा आपल्याच कॉलेजात.

विचारायचं कसं, तेही सांगते. एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, नावे साधा अर्ज लिहा. कोर्सचं नाव, कोण घेणार, किती क्रेडिट, माझ्या कुठल्या सेमिस्टरच्या कुठल्या विषयाच्या जागी धरणार, एवढं चार ओळींत पुरे. दुसऱ्या कॉलेजात किंवा दुसऱ्या विद्यापीठात कोर्स करणार असाल तर एनओसी (ना हरकत दाखला) मागा आणि त्या कोर्सचा सिलॅबस अर्जाला जोडा. अर्जाची दुसरी प्रत आपल्याजवळ ठेवायची आणि तिच्यावर आवकचा शिक्का आणि तारीख मारून घ्यायची. शिक्का मागायला मुलं लाजतात. लाजू नका, तो मागणं तुमचा हक्क आहे. सर्क्युलर कानडीत असेल तर ऑफिसमध्ये कुणाकडूनही वाचून घ्या, अंदाजानं फॉर्म भरू नका.

आता वेळेचा हिशोब. इथंच पोरं फसतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं. चार क्रेडिटचा विषय ६० तासांचा झाला. तो आठ आठवड्यांत बसवायचा तर आठवड्याला साडेसात तास, म्हणजे पाच दिवस रोज दीड तास. ऐकायला थोडं वाटतं. पण घरी तेवढाच अभ्यास धरा आणि येण्याजाण्याचा वेळ धरा, अर्धा दिवस गेलाच. हजेरीची अट ७५ टक्के असेल तर १५ तास, म्हणजे दहा दिवस बुडवता येतात. व्हीटीयूसारखी ८५ टक्के असेल तर नऊच तास, म्हणजे सहा दिवस. आणि मे महिना आपल्याकडं कसा असतो ते मी सांगायला नको. मामाच्या मुलीचं लग्न, त्याआधी हळद, गावची जत्रा, खानापूरकडं असाल तर काजू गोळा करायला घरात माणूस हवं. म्हणून कॅलेंडर घेऊन आईवडिलांशेजारी बसा, चुकवता न येणाऱ्या तारखांवर खूण करा आणि सहात किंवा दहात ते बसतं का बघा. बसत नसेल तर यंदा राहू द्या. आणि एका सुट्टीत दोन विषय घेऊ नका. साठ तासांचा एक विषय नीट होतो, एकशेवीस तासांत दोन्ही अर्धे राहतात.

मुलींना एक सांगते. शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या आणि एक्स्प्रेस बसला महिलांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, ओळखपत्र तेवढं जवळ हवं. कोल्हापूरला जाऊन कोर्स करणार असाल तर ही सवलत हद्दीपर्यंतच धरा. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही त्यांच्या हद्दीत. महिन्याचा खर्च काढताना दोन्ही टप्पे वेगवेगळे मांडा.

ज्यांना गाव सोडता येत नाही त्यांनी एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांच्या ऑनलाइन कोर्सांचा, विचार करावा. यात उन्हाळी सत्र नाही, जानेवारी आणि जुलै अशी दोनच सत्रं. पण बऱ्याच विषयांचे जुने व्हिडिओ फुकट आणि वर्षभर खुले असतात. मेमध्ये ते बघून घ्यायचे आणि तो कोर्स जुलैत लागला की नाव घालायचं. नाव घालायला पैसे नाहीत, परीक्षेला मात्र हजार रुपये. बारा आठवड्यांच्या कोर्सात असाइनमेंटपैकी सर्वांत चांगल्या आठ धरतात आणि त्यांना २५ गुण, परीक्षेला ७५. पास व्हायला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० दोन्ही लागतात. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या अशा कोर्सांतून एका सेमिस्टरचा ४० टक्क्यांपर्यंत भाग घेण्याची मुभा यूजीसीनं दिली आहे, पण तुमच्या विद्यापीठानं तो कोर्स मान्य केलेला असला तरच. म्हणजे अर्ज आणि शिक्का इथंही आलाच.

नावाचं आजच बघा. मिळवलेली क्रेडिट जिथं जमा होतात त्या क्रेडिट बँकेचं खातं डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून उघडतं आणि त्यात आधारवरचं नाव येतं. आपल्याकडं दहावीच्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठं वडिलांचं नाव नुसत्या एका अक्षरात. मागं एका मुलीच्या आडनावात इंग्रजीत एक 'ए' जादा होता. कोर्स झाला, पासही झाली, क्रेडिट खात्यात येईना. आधार दुरुस्त होऊन येईपर्यंत पुढच्या सेमिस्टरची फी भरण्याची तारीख जवळ आली आणि घरचे सगळे काळजीत. म्हणून मार्क्स कार्ड आणि आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा, फरक असेल तर कोर्स सुरू होण्याआधी दुरुस्तीला टाका. अपारचा, म्हणजे या खात्याच्या विद्यार्थी ओळखपत्राचा, बारा आकडी नंबर वहीत लिहून ठेवा.

रिझल्ट लागला म्हणजे काम संपलं असं समजू नका. खात्यात क्रेडिट तुम्हाला चढवता येत नाही, ते कॉलेज किंवा विद्यापीठ चढवतं. महिन्याभरात दिसलं नाही तर चलन, हॉल तिकीट, रिझल्टची प्रत आणि तो शिक्क्याचा अर्ज घेऊन परीक्षा विभागात या. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी आलात तर त्याच दिवशी फाईल बाहेर काढता येते.