दुसरं किट

गेल्या वर्षी पाळी दोन दिवस लांबली तेव्हा मी संध्याकाळी कामावरून आल्या आल्या घरीच किटवर दिवस गेलेत का याची टेस्ट केली. एकच रेघ. नाही म्हणजे नाही, असं धरून किट कचऱ्यात टाकलं आणि विषय मिटवला. पुढे पंधरा दिवस पाळीचा पत्ता नाही, म्हणून कोणी तरी सुचवलेल्या पाळी आणायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून खाल्ल्या. तरी नाहीच. अखेर डॉक्टरकडे गेले तेव्हा आठवा आठवडा चालू होता. बाळ सुखरूप आहे, पाच महिन्यांचं झालं. पण त्या गोळ्यांनी काही बिघडलं तर नसेल ना, या धास्तीत सोनोग्राफीपर्यंतचे चार दिवस मी जेवले नाही की झोपले नाही. एक टेस्ट पुन्हा केली असती तर हे सगळं टळलं असतं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते: किट घेताना दोन घ्या.

त्याआधी तारीख. मागच्या पाळीचा पहिला दिवस कोणता, ते कालनिर्णयवर गोल करून ठेवा. ‘एकादशीच्या आसपास आली होती’ यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. दर महिन्याला नेमाने पाळी येत असेल तर ती चुकल्याच्या दिवसापासून टेस्ट करता येते, आठवडाभर थांबलात तर उत्तर जास्त भरवशाचं. पाळी अनियमित असेल, पीसीओडी म्हणजे पाळी बिघडवणारा बीजकोषांचा त्रास असेल, अंगावर पाजत असाल आणि पाळी सुरूच झाली नसेल, तर ‘चुकली’ कधी म्हणायचं हेच कळत नाही. अशा वेळी शेवटच्या संबंधापासून 21 दिवस मोजा आणि मग टेस्ट करा.

थांबायचं का, हे नीट समजून घ्या, कारण माझी चूक इथेच झाली. किट शोधतं ते एचसीजी नावाचं संप्रेरक. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यावरच ते तयार व्हायला लागतं आणि रुजायलाच बीज सुटल्यापासून साधारण 6 ते 12 दिवस जातात. त्यानंतर सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होत जातं. बाजारातली बरीच किट दर मिलिलिटरला 25 मिलि-युनिटच्या पुढे ते पकडतात. म्हणजे सोमवारी ते 10 असेल तर किटला काहीच दिसणार नाही आणि त्याच बाईची शुक्रवारी-शनिवारी स्वच्छ दोन रेघांची टेस्ट येईल. त्या महिन्यात बीज चार दिवस उशिरा सुटलं असेल तर सगळंच चार दिवस पुढे जातं. म्हणून पहिल्या ‘नाही’चा अर्थ ‘आज दिसत नाही’ एवढाच. दुसरं किट त्यासाठी.

कोणतं घ्यायचं? प्रेगा न्यूज, आय-कॅन, जे मिळेल ते. सगळ्यांचं काम एकाच तत्त्वावर चालतं, महागातलं घेतलं म्हणून आठ दिवस आधी कळत नाही. थेंब टाकायचं चपटं किट नवख्या बाईला सोपं. एक्सपायरी बघा, पाकीट फाटलेलं नको. चिठ्ठी लागत नाही. आपल्या गल्लीतला मेडिकलवाला घरच्यांना ओळखतो म्हणून मी नाशिकमध्ये इंदिरानगरहून कॉलेज रोडला गेले होते. तसं जायचं तर जा, पण मग दोन्ही किट एकदमच आणा. दुसऱ्यासाठी पुन्हा तेवढं लांब जाणं होत नाही, माझंही झालं नाही. आशाताईंकडे सरकारचं ‘निश्चय’ किट फुकट मिळतं, त्यांना विचारायला लाजू नका. आणलेलं किट गाडीच्या डिकीत विसरू नका. बऱ्याच पाकिटांवर 30 अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. फ्रीजवर, बाथरूममध्ये नको, कपाटात ठेवा.

वेळ सकाळची. उठल्यावरची पहिली लघवी, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते. मी संध्याकाळी, वर दोन तांबे पाणी पिऊन केली होती, तसं अजिबात करू नका. कोरडी स्वच्छ वाटी किंवा कागदी कप. पाकीट ऐन वेळी फोडा, आधी फोडून ठेवलं की किटला दमट हवा लागते. आतली बारीक पुडी ओल शोषणारी आहे, ती फेकून द्या. ड्रॉपरने, किटसोबतच्या कागदावर सांगितले असतील तेवढेच थेंब टाका, बहुतेक किटला तीन. मोबाइलवर 5 मिनिटांचा गजर लावा. दूध उतू जातंय, बेल वाजली, काही असो, गजर झाला की बघायचंच. तासाभराने दिसणारी करडी रेघ ओल सुकल्याची असू शकते, तिच्यावरून पेढे वाटायचे नाहीत आणि रडायचंही नाही. किटवर ‘सी’पाशी येणारी रेघ किट नीट चाललं हे दाखवते, ‘टी’पाशी येणारी दिवस गेल्याचं. ‘सी’ची रेघच आली नाही तर टेस्ट बाद. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्ही वेळेत आल्या, ‘टी’ फिकी का असेना, तर दिवस गेलेत असंच धरा. अँटिबायोटिकने किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी उत्तर बदलत नाही. मूल राहण्याच्या उपचारात एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर मात्र किट खोटी ‘हो’ दाखवतं, टेस्ट कधी करायची ते डॉक्टरांनाच विचारा.

आता एकच रेघ आली. इथे थांबा. किट टाकण्याआधी कालनिर्णयकडे जा आणि तीन दिवसांनंतरच्या तारखेवर खूण करा. त्या सकाळी दुसरं किट. तेव्हाही नाही आणि पाळीही नाही, तर आठवड्याने पुन्हा. तरी नाही, तर डॉक्टर. यातलं काहीही न करता पाळी आणायच्या गोळ्या खायच्या नाहीत. कोणीही सांगितलं तरी नाही, सासूबाईंनी सांगितलं तरी नाही. नवऱ्याला ती तारीख सांगून ठेवा, त्याच्या मोबाइलवरही गजर लावा. पहिल्या ‘नाही’नंतर आपलं मन ती गोष्ट सोडून देतं, कामं पुढे येतात, तेवढ्यात पंधरा दिवस निघून जातात.

दोन रेघा आल्या तर: गर्भ कुठे रुजलाय ते किट सांगत नाही. ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखणं, रक्त जाणं, चक्कर, खांद्यात कळ, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा, सिव्हिल, बिटको, जे जवळ असेल ते. गर्भ नळीत असेल तर जिवावर बेततं. बाकी सगळं ठीक असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर, रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, मिश्री-तंबाखू बंद, चालू असलेली औषधं दाखवून मगच पुढे. मूल नको असेल तरीही डॉक्टरच. कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, परस्पर गोळ्या आणू नका. सोनोग्राफीला ओळखपत्र न्या. मागच्या पाळीची तारीख आणि दोन्ही टेस्टच्या तारखा कागदावर लिहून न्या.