सिबिल सुधारायला बसण्याआधी

‘सिबिल खराब आहे’, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा स्कोअर कमी आहे, म्हणून कर्जाचा अर्ज परत आला की माणूस घाबरून लगेच दुसऱ्या बँकेत अर्ज टाकतो. ते आधी थांबवा. दर अर्जामागे बँक चौकशी करते, ती नोंदली जाते आणि स्कोअर आणखी उतरतो. स्वतःच्या कर्जनोंदींचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर घटत नाही. म्हणून ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून अहवाल काढा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल त्यांनी फुकट द्यायचा असतो.

अहवाल छापून घ्या. 300 ते 900 मधला तो मोठा आकडा राहू द्या, आधी प्रत्येक कर्जाखालचे महिन्यांचे चौकोन वाचा. 000 म्हणजे हप्ता वेळेवर, 060 म्हणजे साठ दिवस थकलेला. माझ्या बहिणीच्या अहवालात इतर कर्जांखाली ओळीने 000 होते, आणि एका जुन्या क्रेडिट कार्डापुढे ‘सेटल्ड’. वसुलीवाला म्हणाला होता, “अर्धे भरा ताई, विषय मिटला.” तिने उसनवारी करून भरले. बँकेच्या लेखी मात्र उरलेले पैसे बुडालेच होते. पुढे तिने बाकी भरली, तेव्हा कुठे तिथे ‘क्लोज्ड’ आले. थकलेले महिने तसेच राहिले. तेव्हा तडजोड करण्याआधी नोंद काय होणार, ते लेखी घ्या. कोणाला जामीन राहिला असाल तर तेही कर्ज तपासा.

मग कागद एका फाईलला लावा: पॅन, हप्ते गेल्याचे बँक स्टेटमेंट, फेडलेल्या प्रत्येक कर्जाचा नो ड्यूज (काही बाकी नाही) दाखला. चुकीच्या नोंदीची तक्रार त्या कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट होते. निकाल 30 दिवसांत लागला पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

‘आठ दिवसांत 750 करून देतो’ म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका, ओटीपी तर नाहीच. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही. खात्रीची मदत हवी असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी (लीड) बँकेचे वित्तीय साक्षरता केंद्र गाठा, तिथे सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवस उत्तर आले नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तेही विनामूल्य आहे, माहितीसाठी 14448.

उरलेले काम संथ आहे. क्रेडिट कार्ड मिळत नसेल तर मुदत ठेव तारण ठेवून घ्या, मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत वापरा आणि ‘किमान रक्कम’ नव्हे, पूर्ण बिल भरा. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांनी येईल अशी बँकेकडून बदलून घ्या. बहिणीने हेच सर्वांत आधी केले.