उशिरा वाढणारा खेळाडू ट्रायलमध्ये निसटू नये म्हणून

अंडर-१३ च्या ट्रायलला १६५ सेंटीमीटरचा, मिसरूड फुटलेला मुलगा आणि १४० सेंटीमीटरचा मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. दोघांचं जन्मसाल एकच. धक्काबुक्कीत पहिलाच जिंकणार, आणि तेवढ्यावर निवड झाली तर आपण फुटबॉल नाही, वाढ निवडली.

म्हणून आधी मोजमाप. उंची सकाळीच घ्या. दिवसभरात कणा दबून संध्याकाळी ती सुमारे १ सेंटीमीटरने कमी भरते. बूट-मोजे काढायचे, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर सुताराचा गुण्या. दोन मापांत ४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसरं माप घेऊन मधलं धरा. दर ३ महिन्यांनी हेच.

आई-वडिलांची उंची विचारू नका, मोजा. सांगताना दोन-तीन सेंटीमीटर सहज वाढतात. मुलग्याच्या प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज: दोघांची बेरीज अधिक १३, भागिले २. वडील १७०, आई १५५ असतील तर अंदाज १६९. आज १४० असलेला मुलगा त्या अंदाजित उंचीच्या ८३ टक्क्यांवर आहे. १६५ चा मुलगा त्याच्या अंदाजाच्या बहुधा ९५ टक्क्यांच्या आसपास. हा अंदाज ८-९ सेंटीमीटरने चुकू शकतो, त्यामुळे त्यावर कुणालाही वगळू नका, फक्त गट पाडा: ८५ च्या आत, ८५ ते ९०, ९० ते ९५, पुढचे.

एक सामना वयोगटानुसार, दुसरा या गटांनुसार खेळवा. बिबचे (शर्टावर घालायच्या नंबरच्या बंडीचे) नंबर जन्मतारखेच्या क्रमाने द्या, म्हणजे डिसेंबरचा, त्या जन्मसालातला सर्वांत लहान मुलगा कोण हे काठावरून कळतं. मात्र जन्ममहिना आणि शरीराची वाढ या वेगळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरचा मुलगाही लवकर वाढलेला असू शकतो.

गुण कशाला? चेंडू येण्याआधी तो खांद्यावरून मागे पाहतो का, पहिला स्पर्श मोकळ्या बाजूला नेतो का, चेंडू गेल्यावर लगेच मागे लागतो का. धाव आणि लांब किक नोंदवा, पण बेरजेत धरू नका. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये मातीच्या मैदानावर ट्रायल ठेवलीत तर चिखलात चेंडू अडतो आणि लांब किक मारणाराच उठून दिसतो. तेव्हा टर्फ घ्या, ४ विरुद्ध ४ खेळवा.

२० जणांच्या चमूत ३ जागा उशिरा वाढणाऱ्यांसाठी राखा. वर्षाला ८-१० सेंटीमीटरचा झपाटा सुरू झाला की पाय अडखळतात, गुडघ्याखाली दुखतं. तेव्हा सरावाचा भार कमी करा आणि त्या महिन्यांत कुणालाही काढू नका.