कुबलाई खानावर लिहिताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठा घोळ सनांचा. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या लेखात चंगीझ खानाचा नातू, मंगोल सम्राट कुबलाई 1279 साली गादीवर आला, असं ठासून लिहिलं होतं. मग 1274 ची जपानवरची स्वारी कोणाची? लेखकाने ती बिनदिक्कत थोरल्या भावाच्या, मोंगकेच्या खात्यावर टाकली होती! मोंगके 1259 मध्येच सिचुआनमधल्या दियाओयू किल्ल्याच्या वेढ्यात मेला होता. 1260 मध्ये कायपिंगला कुबलाई खाकान, म्हणजे मंगोलांचा सर्वोच्च खान झाला, तिकडे मंगोलांच्या राजधानीत, काराकोरमला, धाकटा भाऊ अरिक बोकेही खाकान झाला. भावाभावांची ही लढाई 1264 ला अरिक बोके शरण आल्यावर मिटली. कुबलाईने चीनमध्ये युआन घराण्याची घोषणा केली ती 1271 ची. 1279 हे यामेनच्या समुद्रात दक्षिण चीनचं सोंग घराणं संपलं त्याचं साल. अंक छपाईला जायच्या आदल्या रात्री अर्धा लेख नव्याने लिहावा लागला. म्हणून मी आधी कागदावर उभी रेघ मारतो, डावीकडे मंगोलांच्या घडामोडी, उजवीकडे चीनच्या. याला अर्धा तास लागतो. तेवढाही धीर नसेल तर इतिहासाच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक, ‘जपान वादळाने वाचला’ एवढ्यावर भागवणं. 1274 नंतर जपान्यांनी हाकाता उपसागराच्या काठाने दगडी तट बांधला. 1281 च्या दुसऱ्या स्वारीत कोरियाहून आलेलं मंगोल आरमार त्या तटापुढे अडलं, दक्षिण चीनचं आरमार उशिरा पोचलं आणि वादळ आलं ते ऑगस्टमध्ये. त्याआधी जवळजवळ दोन महिने किनारा लढवणारी माणसं एका वाक्यात पुसली जातात, याचा मला मनापासून राग येतो. पाच मिनिटांचा व्हिडिओ बघून लिहिलं की हेच होणार.

मार्को पोलोचा शब्द प्रमाण मानू नका. कुबलाईच्या फौजेने सोंगांचं शियांगयांग शहर घेताना दगडफेकी यंत्रं आपण पुरवली, असं त्याच्या वृत्तांतात आहे. शहर पडलं 1273 मध्ये, पोलो कुबलाईच्या दरबारी पोचला त्यानंतर. यंत्रं बांधणारे इस्माईल आणि अलाउद्दीन इराणहून आले होते, कुबलाईचा पुतण्या आणि तिथला मंगोल राजा अबाका याने धाडलेले.

नावात ‘खान’ आहे म्हणून कुबलाई मुसलमान ठरत नाही; ‘खान’ ही मंगोल राजपदवी. आई सोरघाघतानी नेस्टोरियन या पूर्वेकडच्या पंथाची ख्रिस्ती, त्याचा गुरू तिबेटी लामा फाग्पा.

आणि 1279 नंतर थेट 1294 च्या मृत्यूवर उडी मारू नका. राणी चाबी 1281 ला गेली, पुढच्याच वर्षी खजिना सांभाळणाऱ्या अहमदचा राजधानीत खून झाला, मग युवराज चेंजिनही गेला. तरी 1293 मध्ये जावावर आरमार गेलंच, आणि हात हलवत परतलं.