टायपिंगच्या चौकटीत पेस्ट बंद करायची तर

नागपुरात बर्डीपासून नंदनवनपर्यंत टायपिंग क्लासेसची कमी नाही. जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेच्या ३० आणि ४० स्पीडसाठी (मिनिटाला तेवढे शब्द) मुलं सराव करतात, आणि सरावाचं सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्याकडे क्लासवाल्यांची ठरलेली तक्रार येते: पोरं वरचा उतारा कॉपी करून खालच्या चौकटीत पेस्ट करतात. त्यावर नेहमीचा सल्ला म्हणजे 'कीडाउनमध्ये (की दाबताच चालणाऱ्या कोडमध्ये) कंट्रोल-व्ही अडवा'. तो ऐकू नका. शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट होतेच, आणि राइट-क्लिकचा मेनू तर जागेवरच असतो. म्हणजे पुढचं दार लावलं आणि मागचं सताड उघडं.

मी सी-शार्प ही भाषा आणि विंडोज फॉर्म्स हा विंडोजचे प्रोग्रॅम बनवायचा संच धरून लिहितोय.

आधी कोणती चौकट बंद करायची ते ठरवा. उत्तराची, बस. नाव, मोबाईल नंबर, पत्ता इथे पेस्ट अडवून कुणाचं भलं होत नाही. पासवर्डच्या चौकटीला तर हातच लावू नका. पासवर्डकॅर (अक्षरांऐवजी दिसणारी खूण) दिलं की कॉपी-कट आपोआप बंद होतं, आणि पेस्ट चालू राहिलेलीच बरी. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या सूचनाही तेच सांगतात.

मग उत्तराच्या टेक्स्टबॉक्सची शॉर्टकट्सएनेबल्ड ही प्रॉपर्टी फॉल्स करा. नेहमीचे शॉर्टकट आणि मेनू दोन्ही जातात. घाईचं काम असेल तर एवढ्यावर भागेल.

पण त्यासोबत कंट्रोल-झेड (अनडू), कंट्रोल-ए आणि कंट्रोल-बॅकस्पेसही जातात. उलट कंट्रोल-इन्सर्ट या प्रॉपर्टीने बंद होणाऱ्यांच्या यादीतच नाही, त्यामुळे कॉपी होत राहते. मी याच ठिकाणी बराच काळ अडकलो होतो. एकेक की शोधून बंद करायची आणि दुसरी निघायची. सुटका झाली ती की सोडून मेसेज, म्हणजे विंडोज चौकटीला पाठवतं तो निरोप, पकडल्यावर. कंट्रोल-व्ही दाबा, शिफ्ट-इन्सर्ट दाबा नाहीतर मेनूतून पेस्ट निवडा, शेवटी त्या चौकटीकडे डब्ल्यूएम-पेस्ट हा एकच मेसेज येतो. हेक्समध्ये त्याचा नंबर ०३०२. कॉपीचा ०३०१, कटचा ०३००, मेनूचा ००७बी.

तेव्हा टेक्स्टबॉक्सवरून स्वतःचा क्लास काढा, विंडप्रॉक (सगळे मेसेज जिथे येतात ते फंक्शन) ओव्हरराइड करा आणि हे चार नंबर आले की तिथूनच परत फिरा. बाकी सगळे मेसेज बेसकडे, म्हणजे मूळ टेक्स्टबॉक्सकडे, गेलेच पाहिजेत. एखादा जास्तीचा गिळलात तर कर्सर, सिलेक्शन, टायपिंग काहीही बिघडेल आणि कारण सापडता सापडत नाही. शॉर्टकट्सएनेबल्ड आता ट्रूच ठेवा, म्हणजे अनडू शाबूत राहतो. मेनूसाठी माउसचं उजवं बटण अडवत बसू नका. कीबोर्डवरची मेनू की आणि शिफ्ट-एफ१० त्याच ००७बी वर येतात.

दोन सल्ल्यांवर माझा विशेष राग आहे. एक, टायमर लावून क्लिपबोर्ड रिकामा करत राहणे. क्लिपबोर्ड अख्ख्या मशीनचा असतो. शेजारी वर्डमध्ये काम करणाऱ्या माणसाचा मजकूर उडवायचा तुम्हाला काय अधिकार? दुसरा, टेक्स्टचेंज्डमध्ये (मजकूर बदलला की चालणाऱ्या कोडमध्ये) एकदम जास्त अक्षरं वाढली की पेस्ट समजणे. इंग्रजीत कदाचित चालेल. मराठीत फोनेटिक कीबोर्डवर सुचवलेला शब्द निवडला की तो अख्खा एकदम येतो, आणि प्रामाणिक पोरगी चोर ठरते.

वरचा उतारा लेबलमध्ये ठेवा, सिलेक्टच होणार नाही. पण व्हिस्टापासून लेबलवर डबल-क्लिक केलं की त्याचा मजकूर गुपचूप क्लिपबोर्डवर जातो. तेही नको असेल तर लेबलचाही क्लास काढून डबल-क्लिकचा ०२०३ गिळा.

पेस्ट अडवली की खाली एक ओळ दाखवा: 'इथे पेस्ट चालत नाही'. नाहीतर क्लासमधून फोन येतो, "भाऊ, कीबोर्ड गेला वाटते."

विंडोज फॉर्म्सऐवजी डब्ल्यूपीएफ हा मायक्रोसॉफ्टचाच दुसरा संच असेल तर डेटाऑब्जेक्टच्या पेस्टिंग इव्हेंटमध्ये कॅन्सलकमांड द्या. ओढून टाकलेला मजकूरही तिथेच अडतो. जावाच्या स्विंग या खिडक्या-चौकटींच्या संचामध्ये सेटट्रान्सफरहँडलरला नल दिलं की काम झालं.

आपोआप की दाबणारी स्क्रिप्ट यातलं काहीच अडवू शकत नाही, कारण ती खरोखर टाइपच करते. त्यासाठी वेळ नोंदवा. ४० स्पीडचा उतारा चार सेकंदांत संपला तर निकाल उघड आहे.

क्लासवाल्याला देण्याआधी स्वतः तपासा: कंट्रोल-व्ही, शिफ्ट-इन्सर्ट, कंट्रोल-इन्सर्ट, मेनू की, शिफ्ट-एफ१०, वर्डमधून मजकूर ओढून टाकणे. आणि विंडोज-व्ही विसरू नका. विंडोज १० मध्ये २०१८ साली आलेली क्लिपबोर्ड हिस्ट्री पोरांना तुमच्याआधी माहीत असते.