ग्रीकांवर लिहिताय? आधी ‘म्हणून’ मोजा, आणि या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांची सराव-उत्तरं तपासायला बसले, की प्राचीन ग्रीसच्या प्रश्नावर माझं लाल पेन एकाच शब्दाभोवती फिरतं. ‘ग्रीस डोंगराळ होता, म्हणून नगरराज्यं झाली, म्हणून लोकशाही आली, म्हणून मानवतावाद फुलला.’ तीन ‘म्हणून’, आणि तिन्ही लंगडे.

पहिल्यात तथ्य नाही असं नाही. डोंगरांनी तोडलेली छोटी छोटी खोरी आणि ज्याचं त्याचं नगर, हे चित्र बरोबरच आहे. पण डोंगर जसे अथेन्सभोवती, तशी स्पार्टाच्याही उशाशी टायगेटसची २४०० मीटरची भिंत. एकीकडे नागरिकांची सभा. दुसरीकडे दोन राजे आणि हेलॉटांच्या, म्हणजे जमिनीला बांधलेल्या दासांच्या, राबण्यावर पोसलेली लष्करी छावणी. बरं, हेच डोंगर रोमन अमलातही होते, ऑटोमन अमलातही. तेव्हा त्यांनी लोकशाही का नाही दिली, असं परीक्षकाने विचारलं तर?

दुरुस्ती सोपी आहे. ‘म्हणून’ खोडा आणि त्या जागी मधली कडी लिहा. अथेन्सचंच बघा. ॲटिकाची, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशाची, जमीन हलकी, खडकाळ. बार्ली कशीबशी यायची, गहू त्याहून कमी. ऑलिव्ह मात्र अशा जमिनीत तग धरतं. इ.स.पू. ५९४ च्या सुमाराला सत्तेवर आलेल्या सोलोनने शेतमालापैकी फक्त ऑलिव्ह तेल बाहेर विकायला मोकळीक दिली, असं प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो. तेल जायचं, धान्य यायचं. पुढे तर हे धान्य थेट काळ्या समुद्राकाठून, हेलेस्पाँटच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येऊ लागलं.

मग इ.स.पू. ४८३ मध्ये ॲटिकातल्याच लॉरियनच्या खाणीत चांदी लागली, भरपूर. नागरिकांना माणशी दहा द्राख्मा वाटून टाकायचं घाटत होतं. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीजने सभेला पटवलं की वाटणी नको, जहाजं बांधू. एकेका ट्रायरीमवर, म्हणजे तीन रांगांच्या वल्ह्यांच्या युद्धनौकेवर, १७० वल्हेकरी, त्यातले बरेचसे गरीब नागरिक. तीनच वर्षांनी सलामिसच्या अरुंद पाण्यात इराणी आरमार हरलं ते या वल्ह्यांपुढे. लोकशाहीचा पाया क्लेइस्थेनीसने आधीच, ५०८ च्या सुमाराला घातला होता (हा क्रम उत्तरात उलटा करू नका), पण ज्यांच्या दंडांवर नगर तरलं त्यांना सभेत गप्प बसवणं आता कोणाला जमणार होतं? चांदी जमिनीतून आली, जहाजं मतदानातून.

आणि हीच कडी गळफासही झाली. इ.स.पू. ४०५ मध्ये स्पार्टाच्या लायसँडरने हेलेस्पाँटमध्येच अथेन्सचं आरमार धरलं. धान्याची वाट बंद. पुढच्या वर्षी उपाशी अथेन्स शरण आलं. भूगोलाचा परिणाम दाखवायचा तर असा दाखवावा, ‘निसर्गरम्य किनाऱ्यामुळे ग्रीक कलाप्रेमी झाले’ असा नव्हे. हे वाक्य मी बनवलेलं नाही, वाचलेलं आहे.

एक छोटी पण सर्रास चूक नकाशाची. उत्तरासोबत आजच्या ग्रीसचा नकाशा काढतात आणि तिथेच घात होतो. थेलीज, ॲनॅक्सिमँडर हे सुरुवातीचे विचारवंत मायलेटसचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले. सिरॅक्यूज सिसिलीत, मॅसिलिया म्हणजे फ्रान्सचं मार्सेय. त्या मायलेटसच्या आयोनिया प्रांतावरूनच आपल्याकडचा ‘यवन’ शब्द आला. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवन दात्यांचे लेख अजून वाचता येतात.

आता मानवतावाद. इथे दोष थोडा आपल्या भाषेचाही आहे. मराठीत ‘मानवतावाद’ म्हटलं की दया, करुणा, रंजल्यागांजल्यांची सेवा डोळ्यांपुढे येते आणि मुलं तेच ग्रीकांच्या पदरात घालतात. इ.स.पू. ४१६ मध्ये याच अथेन्सने मेलोस बेट जिंकून प्रौढ पुरुषांची कत्तल केली, बायकामुलांना गुलाम केलं. तेव्हा शब्द बदला: ‘मानवकेंद्री विचार’. ‘माणूस सर्व गोष्टींचं मोजमाप आहे’ म्हणणारा तत्त्वज्ञ प्रोटॅगोरस करुणेबद्दल बोलत नव्हता, कळण्याच्या कसोटीबद्दल बोलत होता. शिवाय त्या मोजमापात अथेन्सच्या सभेपुरते तरी बायका आणि गुलाम धरलेले नव्हते, हे एका ओळीत लिहाच.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ग्रीकांना नास्तिक करून टाकणं. बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी देव बैलासारखे, घोड्यासारखे काढले असते, हे कवी-विचारवंत झेनोफेनीजचं म्हणणं सगळे देतात. तो स्वतः एक थोर देव मानत होता, हे मात्र गाळतात. सॉक्रेटिसवर इ.स.पू. ३९९ मध्ये नगराचे देव न मानल्याचाही आरोप होता. देव बिनमहत्त्वाचे असते, तर त्या आरोपावर कोणाला मृत्युदंड झाला असता का?

भूगोल आणि माणूस एकाच ठिकाणी सापडायला हवे असतील तर ‘अँटिगॉनी’ या ग्रीक नाटकातलं कोरसचं, म्हणजे गायकवृंदाचं, गाणं उघडा. जगात अचाट गोष्टी पुष्कळ, पण माणसाइतकं अचाट काही नाही, असं ते सुरू होतं. मूळ शब्द ‘डेइनॉस’. त्यात अद्भुतही आहे आणि भयंकरही. नुसतं ‘महान’ लिहिलंत तर अर्धा अर्थ सांडतो. पुढे माणसाच्या करामतींची यादी येते: नांगर, पाखरांची जाळी, भाषा, नगर चालवण्याची रीत, रोगांवर उपाय. मरणावर नाही. पण यादीत पहिला मान नांगराला नाही. आधी येतो तो हिवाळी दक्षिणवाऱ्यात, दोन्ही बाजूंनी लाटा उसळत असताना करडा समुद्र ओलांडणारा माणूस. हे लिहिणारा सोफोक्लीज इ.स.पू. ४४१-४४० मध्ये अथेन्सचा निवडून आलेला सेनापती होता, आणि सामोस बेटाविरुद्धच्या युद्धात तो स्वतः जहाजातून गेला होता.