कांद्याच्या सालीचा अर्क आणि फळमाशीची चढण

मोंढ्यात कांद्याच्या सुक्या सालीचे ढीग पडलेले असतात आणि क्वेरसेटिन हे फ्लेवोनॉइड (वनस्पतींतलं एक रंगद्रव्य) आतल्या कांद्यापेक्षा या सालीतच जास्त असतं. विषानं मंदावलेल्या फळमाशीची चढण या सालीच्या अर्कानं सुधारते का, ते इथे तपासायचं आहे. काळी बुरशी धरलेली साल मात्र आधीच निवडून टाका.

साल सावलीत वाळवून दळा. 10 ग्रॅम पुडीवर 70 टक्के इथेनॉल 100 मिली ओतून झाकून 24 तास ठेवा, गाळा, 45 अंशांच्या आत वॉटर बाथवर आटवा. उघडी ज्योत जवळ नको. इथेनॉलचा वास पूर्ण जाईपर्यंत आटवायचं, नाहीतर माश्या दारूनंच लडखडतील.

अर्कातल्या फ्लेवोनॉइडच्या मोजणीसाठी 0.5 मिली पातळ अर्कात 1.5 मिली इथेनॉल, 10 टक्के ॲल्युमिनियम क्लोराइड 0.1 मिली, 1 मोलर पोटॅशियम ॲसिटेट 0.1 मिली आणि डिस्टिल्ड वॉटर 2.8 मिली घाला. बोअरचं पाणी चालत नाही. 30 मिनिटांनी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र) 415 नॅनोमीटरला रीडिंग घेऊन क्वेरसेटिनच्या स्टँडर्डशी, म्हणजे माहीत प्रमाणाच्या द्रावणांशी, ताडा. लाल सालीचा स्वतःचा रंग आकडा फुगवतो. म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइडच्या जागी पाणी घातलेला ब्लँक (तुलनेचा नमुना) ठेवून तेवढं वजा करा.

आता माश्या. रोटेनोन हे विष मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीला ऊर्जा देणारा भाग) कॉम्प्लेक्स-1 हे प्रथिन अडवतं, डोपामिनच्या पेशींना मार बसतो आणि माशी पार्किन्सनच्या रुग्णासारखी मंदावते. खाद्य कोमट झाल्यावर 500 मायक्रोमोलर रोटेनोन मिसळा (हातमोजे, मास्क घालूनच, हे विष आहे) आणि 7 दिवस द्या. गट चार: नुसतं डीएमएसओ (रोटेनोन विरघळवणारा द्रव), रोटेनोन, अर्क, दोन्ही. डीएमएसओ चारही गटांत सारखंच हवं. तापमान 25 अंश. मे महिन्यात खोली तिशीपार गेली की नर वांझ होतात, पुढची पिढीच मिळत नाही. बीओडी इनक्यूबेटरला (तापमान स्थिर ठेवणारं कपाट) इन्व्हर्टर जोडलेला बरा.

भूल दिल्यावर 24 तास थांबा. मग 10 माश्या काचेच्या नळीत घालून नळी टेबलावर आपटा आणि 10 सेकंदांत 8 सेंटिमीटरची रेघ किती ओलांडतात ते मोजा. असं तीनदा.

खरी फसगत पुढे आहे. अर्क कडवट असतो. माशी खाद्यच कमी खाते, रोटेनोनही कमी पोटात जातं, चढण सुधारते आणि आपण अर्कानं मेंदू वाचवला असं लिहून मोकळे होतो! म्हणून चारही गटांतल्या काही माश्यांना निळा खाद्यरंग मिसळलेलं तेच खाद्य द्या, त्या माश्या चिरडून गाळा आणि 630 नॅनोमीटरला रंग मोजा. ‘दोन्ही’ गटाचा रंग रोटेनोन गटापेक्षा फिका आला, तर चढणीचा आकडा वहीत तसाच राहू द्या, निष्कर्षात घेऊ नका.